एकच चीज, दोन तबकड्या

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात कोजागरीच्या रात्री गच्चीवर झालेल्या भाषणाचा मजकूर. मध्ये वाजवलेल्या तबकड्यांचा उल्लेख कंसात दिला आहे.)



सेक्रेटरी साहेबांनी मला "तुमच्या रेकॉर्डींवर बोला" असं सांगितलं आणि जाता जाता "दूध आटेपर्यंतच बरं का" अशी पुस्तीही जोडली. तेव्हा मी वेळेत संपवणार आहे. जुन्या ७८ च्या तबकडीचा हाच गुण मला आवडतो. सव्वातीन मिनिटं झाली की ती आपणहून थांबते. भाषण करणाऱ्याला देवानं तशी सोय ठेवलेली नाही.

आमचं मूळ घर साताऱ्याचं. वडील, म्हणजे आमचे अण्णा, शाळामास्तर. पगार बेताचा, पण घरात एक चावीचा फोनो होता. जुन्या बाजारात घेतलेला. दर वर्षी आश्विनात ते मला घेऊन औंधच्या संगीत उत्सवाला जायचे. १९४० पासून चालत आलेला हा उत्सव. अंतुबुवा जोशी आणि त्यांचे चिरंजीव गजाननबुवा यांच्या घराण्यानं आपल्या गुरूंच्या, शिवानंद स्वामींच्या नावानं तो चालवला. रात्रभर गाणं ऐकायचं, पहाटे एस. टी.नं साताऱ्याला परत, आणि घरी आल्यावर अण्णा अंघोळीच्याही आधी फोनोला चावी द्यायचे. रात्री जो राग ऐकला, त्याच रागाची तबकडी शोधून लावायचे. मला झोप आवरत नसे. पण ते म्हणायचे, "आता ताडून बघ."

ताडून बघणं हा अण्णांचा छंद होता. एक तबकडी लावून ते कधीच थांबत नसत. दोन लावत. एकच चीज दोघांनी गायलेली, किंवा एकच राग दोघींनी. मी लहान. साहजिकच विचारायचो, "अण्णा, यातलं मोठं कोण?" त्यावर ते म्हणायचे, "मोठं कोण ते विचारू नकोस. दुसऱ्यात काय आहे जे पहिल्यात नाही, तेवढं सांग." मला काही सांगता येत नसे. मग पुन्हा पहिली तबकडी, पुन्हा दुसरी. आज मला गाण्यातलं जे काही थोडं कळतं, ते या "पुन्हा लाव" मधून आलेलं आहे.

आता आपण तेच करू. दोन तबकड्या आणल्या आहेत. दोन्हीवर राग जोगिया आणि दोन्हीवर एकच ठुमरी. पहिली अब्दुल करीम खाँसाहेबांची, दुसरी भीमसेन जोशींची.

(इथे दोन्ही तबकड्यांचे सुरुवातीचे भाग वाजवले.)

ऐकलंत? पहिल्या तबकडीत खरखर आहे, ती सोडून द्या. पाच मिनिटांत कानाला तिची सवय होते, पंख्याच्या आवाजाची होते तशी. खाँसाहेबांचा आवाज बारीक, उंच, धारदार, पण कुठं टोचत नाही. प्रस्तावना नाही. पहिल्या सुरापासून ते रागाच्या आत आहेत, कारण घड्याळ पुढं उभं आहे. भीमसेनजींचा आवाज छातीतून येतो, भारदस्त. ते सूर धरतात, वजन देतात, सोडतात. चीज तीच, घराणंही तेच, किराणा. पण एकानं विनवणी केली आणि दुसऱ्यानं हाक मारली, असं मला वाटतं. तुम्हाला वेगळं वाटलं तर उत्तमच.

आणि हे काही लांबचं प्रकरण नाही हो. खाँसाहेब जन्मले उत्तरेत, कैरान्याला, पण राहिले आपल्या शेजारी, मिरजेत. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी प्रवासात, मद्रासजवळच्या सिंगपेरुमलकोइल स्टेशनवर त्यांचं देहावसान झालं. त्यांना मिरजेला आणलं आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. तिथं उरुसात दरवर्षी गवई येऊन हजेरी लावतात. भीमसेनजींनी लहानपणी याच खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकली आणि ती अशी मनात बसली की वयाच्या अकराव्या वर्षी, १९३३ मध्ये, गाणं शिकायला घर सोडलं. तीन मिनिटांच्या तबकडीनं एवढं केलं. (पालकांनी घाबरू नये, आपल्या लिफ्टजवळचा कॅमेरा चालू आहे.)

मुलांसाठी थोडी माहिती. ७८ म्हणजे ही तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते. ती लाखेची असते, लाखेच्या बांगड्यांतली लाख. हातातून पडली की फुटलीच. पुढं प्लॅस्टिकची एल. पी. आली. तिचे मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे, आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं गाणं. दोन्हींच्या सुया वेगळ्या. ७८ ची रेघ रुंद, एल. पी.ची केसासारखी. जुन्या फोनोची लोखंडी पिन एल. पी.वर ठेवलीत तर गाणं किसून निघेल.

तीनाची वीस मिनिटं झाली तेव्हा गाणंही बदललं. अमीर खाँसाहेबांची मारव्याची एल. पी. ऐका. पहिली तीन मिनिटं होतात, म्हणजे ७८ संपली असती, आणि ते अजून उंबऱ्यावरच असतात. रिषभ, धैवत, पुन्हा रिषभ. षड्जावर यायची घाईच नाही. मग प्रश्न येतो, वीस मिनिटांचं चांगलं की तीनचं? अण्णांचं उत्तर ठरलेलं होतं. पोस्टकार्ड आणि पाकिटातलं पत्र, दोन्ही आपल्याच माणसाची असतात.

ताडून बघताना एक पथ्य मात्र पाळा. आधी गाणाऱ्याकडे नाही, तानपुऱ्याकडे लक्ष द्या. फेऱ्यांचा वेग जरा वाढला तरी सगळा सूर चढतो आणि गाणारा उगाच तरुण वाटतो. वेग उतरला की तोच गवई थकलेला वाटतो. यंत्राची चूक माणसाच्या माथी मारू नये.

आणखी एक जोडी सांगतो, कारण तिचं मूळ खुद्द सांगलीत आहे. जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब उपचारासाठी सांगलीला येऊन राहिले होते. जवळच एक तरुण मुलगी रियाझ करायची. तो त्यांच्या कानी पडला आणि त्यांनी तिला शिकवायला सुरुवात केली. त्या मोगूबाई कुर्डीकर, किशोरीताई आमोणकरांच्या आई. स्वतः अल्लादिया खाँसाहेबांनी एकही तबकडी मागं ठेवली नाही. मग ते कसे गात असतील हे आपण कशावरून ओळखायचं? शिष्यांवरून. केसरबाई केरकरांची तबकडी लावा, मग किशोरीताईंचा भूप लावा. केसरबाईंचा भरीव, सलग आकार, आणि किशोरीताईंचा एकेका सुरापाशी रेंगाळणारा आलाप. इतक्या वेगळ्या दोघींत जे सारखं ऐकू येतं, तिथं कुठं तरी ते म्हातारे खाँसाहेब बसलेले आहेत. मुलांनो, याच केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. ती अजून पुढं पुढंच चालली आहे.

आता ज्यासाठी मी खरं तर उभा राहिलो, ते सांगतो.

१९९९ मध्ये आपली सोसायटी झाली, तेव्हा अण्णा आमच्याबरोबर इथं तळमजल्यावर राहायला आले. साताऱ्याहून एक लोखंडी पेटी आणली होती. तिच्यात १४० तबकड्या आणि एक वही. वहीत प्रत्येक तबकडीचा क्रमांक, गाणाऱ्याचं नाव, राग आणि समोर "कोणाशी ताडावी" असा रकाना. २०११ मध्ये अण्णा गेले. पेटी मी पलंगाखाली ठेवली. आज ऐकू, उद्या ऐकू करत राहिलो.

ऑगस्ट २०१९ कुणाला सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. रात्री वॉचमन दार वाजवत आला, "सर, पाणी आत आलं की हो!" आम्ही कागदपत्रं, औषधं आणि गॅसची टाकी घेऊन वर तिसऱ्या मजल्यावर गेलो. पेटीची आठवण मला दुसऱ्या दिवशी झाली. तेव्हा ती पाण्याखाली होती.

पाणी उतरल्यावर उघडली. पुठ्ठ्याची कव्हरं म्हणजे नुसता लगदा. वहीचा गोळा झालेला. लेबलं सुटून एकमेकांना चिकटलेली. गाणं शाबूत होतं बघा, प्लॅस्टिकला आणि लाखेला पाण्यानं फार काही केलं नव्हतं. नावं तेवढी वाहून गेली होती. मी टाकून द्यायला निघालो होतो. तेव्हा तुम्हीच थांबवलंत. स्वतःच्या घरातला गाळ निम्मा काढून झाला होता, आणि तुम्ही बादल्या घेऊन आमच्या दारात आलात. याच गच्चीवर, सावलीत, साध्या पाण्यानं आणि साबणाच्या एका थेंबानं एकेक तबकडी धुतली. सी विंगमधल्या एका उत्साही मुलानं डाग काढायला स्पिरिटचा बोळा फिरवला. स्पिरिटमध्ये लाख विरघळते, हे त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? एक तबकडी गुळाच्या चिक्कीसारखी झाली. तो रडकुंडीला आला. आज तो इथं साउंड सिस्टीम सांभाळतोय, त्याला माफ केलेलं आहे.

धुतल्या खऱ्या, पण कुठली कुणाची? अगदी सुरुवातीच्या काळात, १९०२ मध्ये, गोहरजान गाणं संपताच स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायच्या. तबकड्या तेव्हा जर्मनीत, हॅनोव्हरला तयार व्हायच्या, आणि तिथल्या लोकांना कुणाचं गाणं ते कळावं म्हणून ही युक्ती. तेव्हा मला वाटलं, सगळ्यांनीच नावं सांगितली असती तर किती बरं झालं असतं!

मग दर रविवारी संध्याकाळी क्लब हाऊसमध्ये आम्ही ऐकायला बसू लागलो. आधी चौघं, मग पंधरा-वीस. एकदा एका बाईंचं नाट्यपद लागलं. ए विंगमधल्या आजी कोपऱ्यात लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ही चंपूताई की रे!" मी म्हटलं, "कोण चंपूताई?" तर म्हणाल्या, "हिराबाई बडोदेकर. मिरजेला लहानपणी ऐकलंय मी. बाई ओरडायच्या नाहीत कधी. आवाज कसा हातानं निवडल्यासारखा." माझा विश्वास बसेना. पण हिराबाईंची एक लेबलवाली तबकडी वाचली होती, कारण ती वर चौथ्या मजल्यावर ऐकायला दिलेली होती. (शेजाऱ्यांना वस्तू दिल्याचा फायदा!) ती लावली, मग ही लावली. पुन्हा ती, पुन्हा ही. तिसऱ्या फेरीला सगळे आजींकडे बघायला लागले. पुढं मुलांनी भिंगातून तबकडीवर कोरलेला क्रमांक वाचला, यादीशी जुळवला. आजी बरोबर होत्या.

त्या दिवशी मला अण्णांचा तो "ताडून बघ" पहिल्यांदा नीट कळला. वही गेली तरी चालेल असा कान ते तयार करत होते. मीच तो पुरता तयार केला नाही. एकशे चाळीसपैकी एकशे एकतीस तबकड्या शाबूत राहिल्या आणि त्यांतल्या बहुतेकांना आपण मिळून नावं परत दिली. ज्या आजींनी सर्वांत जास्त नावं सांगितली, त्या गेल्या वर्षी गेल्या. त्यांचा कान त्यांच्याबरोबर गेला. म्हणून म्हणतो, ज्येष्ठांना विचारायचं ते आत्ताच विचारून घ्या.

आता चार तबकड्या उरल्या आहेत. क्रमांक झिजलेले, यादीत सापडत नाहीत. त्यांतली एक अण्णा रोज दिवेलागणीला लावायचे. बाईंचा आवाज आहे, भीमपलास आहे, मागं पेटी. या एकाच तबकडीला ते कधी जोडी लावत नसत. ती कुणाची, आणि तिलाच जोडी का नाही, हे मी पन्नास वर्षांत एकदाही विचारलं नाही. घरात रोज वाजणाऱ्या गोष्टीबद्दल कोण विचारतं?

ती मी आज शेवटी लावतो. ज्येष्ठ मंडळींनी जरा कान द्यावा. कुणाला ओळखू आली तर सांगा. नाव चुकलं तरी हरकत नाही. रविवारी त्या नावाची दुसरी तबकडी आणू, शेजारी लावू आणि ताडून बघू.

दूध आटलंय, वास येतोय. मी थांबतो. नमस्कार.

(इथे तबकडी वाजवली.)