ड्रोनची पाती आणि त्यांचे कवच

(जोगेश्वरी येथे शिक्षक, अधिकारी व लोकप्रतिनिधी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आपल्याकडील बहुतेक घरांत दोन प्रकारचे पंखे आढळतात. छताला टांगलेला पंखा उघडा असतो, तर टेबलावरील पंख्याला तारेची जाळी असते. वास्तविक छतावरील पंख्याची पाती अधिक लांब आणि वजनदार असतात. तरीही त्याला जाळी बसविण्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही. याचे कारण उघड आहे. तो हाताच्या टप्प्याबाहेर आहे. टेबलावरील पंख्यापाशी मात्र लहान मुलाचे बोट सहज पोहोचते. फिरत्या यंत्रापासून माणसाचे रक्षण अंतराने होते किंवा कवचाने होते. ड्रोनच्या पात्यांभोवती बसवावयाचे संरक्षक कडे, म्हणजेच प्रोपेलर गार्ड, असावे की नसावे हा प्रश्न याच दृष्टीने तपासला पाहिजे.

हा प्रश्न आपल्या देशास सर्वस्वी नवा नाही. कारखान्यातील फिरत्या भागांना कुंपण असावे असे १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम २१ सांगत असे. शेतकरी वर्गास अधिक परिचित असलेले उदाहरण मळणी यंत्राचे आहे. मळणी करताना हात गमावलेली माणसे गावोगाव दिसू लागली, तेव्हा १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा केंद्रीय कायदा करण्यात आला. तथापि, कवचामुळे काम मंदावते म्हणून ते काढून कोपऱ्यात ठेवण्याची सवय कायद्याने गेली नाही. कवचाला किंमत मोजावी लागते आणि ती मोजण्यास माणूस नाखूश असतो. ड्रोनच्या बाबतीतही नेमके हेच घडते. मात्र येथे एक निराळी गोष्ट अशी की, काही वेळा ती नाखुशी रास्त असते.

प्रथम पात्यांच्या शक्तीचा अंदाज घेऊ. एका लहान ड्रोनचे पाते मध्यापासून टोकापर्यंत सहा सेंटीमीटर लांब आहे आणि ते मिनिटाला दहा हजार फेरे घेत आहे असे मानले, तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ६३ मीटर, म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक होतो. पाते प्लास्टिकचे असले तरी या वेगाला ते सुरीसारखे चालते. फेऱ्यांची संख्या दुप्पट झाली की त्यातील ऊर्जा चौपट होते. २०१५ च्या मे महिन्यात मेक्सिकोतील तिहुआना येथे भर कार्यक्रमात स्पेनचा गायक एन्रिके इग्लेसियास याने तरंगता ड्रोन हाताने धरला आणि त्याच्या बोटांवर शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच वर्षी इंग्लंडमधील वुस्टरशायर परगण्यात ड्रोन झाडाला लागून भरकटला आणि पात्याच्या आघाताने दीड वर्षाच्या एका बालकाचा डोळा गेला. हा ड्रोन उडविणारी व्यक्ती त्या कुटुंबाच्या परिचयाची होती आणि उड्डाण हौसेखातर, घराजवळच चालले होते, ही गोष्ट विसरता कामा नये.

अमेरिकेच्या हवाई प्रशासनाने माणसांच्या डोक्यावरून ड्रोन उडविण्यासंबंधी जे नियम केले व जे २०२१ साली अमलात आले, त्यांत या अनुभवाचे प्रतिबिंब दिसते. अगदी हलक्या, म्हणजे सुमारे २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनलादेखील तेथे अट आहे : कातडी फाडू शकेल असा फिरता भाग उघडा असता कामा नये. नियमात ‘गार्ड’ बसवा असे म्हटलेले नाही. कातडी फाटू नये, एवढेच सांगितले आहे. उपाय कोणता योजावयाचा ते निर्मात्याने ठरवावे. नियम करणाऱ्यांनी घेण्यासारखी ही पद्धत आहे.

गार्डचा लाभ माणसांप्रमाणे यंत्रासही होतो. चार पात्यांच्या ड्रोनमध्ये दोन पाती उजवीकडून व दोन डावीकडून फिरतात आणि चारींच्या वेगातील सूक्ष्म फरकावर तो तोल सांभाळतो. एक पाते भिंतीला किंवा पडद्याला घासले की त्या कोपऱ्याचा जोर जातो, ड्रोन त्याच बाजूस कलंडतो आणि कोसळतो. पडल्यावरही मोटारी क्षणभर फिरत राहतात व नेमक्या त्याच वेळी कोणीतरी तो उचलावयास धावतो. भोवती कडे असेल तर ड्रोन भिंतीला टेकून पुन्हा मागे सरतो. स्वित्झर्लंडमधील फ्लायअॅबिलिटी या संस्थेने हीच कल्पना पुढे नेऊन संपूर्ण ड्रोनच जाळीदार गोलात बसविला. भिंतीवर आपटूनही न पडणाऱ्या या यंत्राला २०१५ साली संयुक्त अरब अमिरातीतील लोकोपयोगी ड्रोनच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. बॉयलर, टाक्या, बोगदे अशा बंदिस्त जागांच्या तपासणीसाठी आज अशी यंत्रे वापरली जातात.

कवचाची किंमत

आता दुसरी बाजू. कड्याचे वजन होते, आणि ड्रोनला प्रत्येक ग्रॅम विजेरीच्या जोरावर उचलावा लागतो. म्हणून उड्डाणाचा काळ घटतो. कड्यावर वारा अडतो. बंद खोलीत जो ड्रोन स्थिर राहतो तोच उघड्या मैदानात कड्यासह शिडासारखा वाहून जाऊ लागतो, आणि त्याला जागेवर ठेवण्यासाठी मोटारींना अधिक राबावे लागते. वाऱ्यात गार्ड लावून उडवू नये, अशी सूचना काही निर्माते स्वतःच देतात ती याचसाठी. स्वस्त व ढिले कडे थरथरते, छायाचित्र बिघडविते, अडथळे ओळखणाऱ्या संवेदकांसमोर येते. क्वचित तेच तुटून पात्यात अडकते. संरक्षणासाठी लावलेली वस्तूच अपघाताचे कारण व्हावी, असा हा प्रकार आहे.

कायद्याच्या दृष्टीनेही एक बारीक पेच आहे. २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ आणि त्यापुढे दोन किलोपर्यंतचा ‘मायक्रो’ गणला जातो. नॅनो गटाला प्ररूप प्रमाणपत्र व विमा यांसारख्या बाबींत सवलती आहेत. बाजारातील अनेक ड्रोन मुद्दाम २४९ ग्रॅमचे बनविलेले असतात. त्यांना कडे लावले की वजन मर्यादा ओलांडते आणि यंत्र वरच्या गटात जाते. सुरक्षिततेसाठी खर्च करणाऱ्यालाच अधिक नियम लागू व्हावेत हे विचित्र दिसते खरे; परंतु वजन वाढले की पडण्याचा आघातही वाढतो, हेही तितकेच खरे.

कारण गार्ड फक्त कापण्यापासून वाचवितो, पडण्यापासून नव्हे. वीस मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण सहा-सात मजल्यांवरून, सुटलेली वस्तू हवेचा अडथळा सोडून दिल्यास ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगाने जमिनीवर येते. त्या वेळी पात्यांभोवती कडे आहे की नाही याला फारसा अर्थ उरत नाही. गार्ड लावला म्हणून मिरवणुकीवरून उड्डाण करण्यास हरकत नाही, ही समजूत उघड्या पात्यांपेक्षाही घातक होय.

जोगेश्वरीचे आकाश

जोगेश्वरीत हा विचार विशेष महत्त्वाचा ठरतो. मुंबईचा आंतरराष्ट्रीय विमानतळ येथून जवळ, आणि जुहूचे विमानतळही फारसे दूर नाही. विमानतळाच्या सीमेपासून पाच ते आठ किलोमीटरच्या दरम्यानचे आकाश जमिनीपासूनच ‘पिवळे’ मानले जाते. तेथे हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीवाचून ड्रोन उडविता येत नाही. नकाशावर ‘लाल’ असलेल्या भागात तर केंद्र शासनाचीच परवानगी लागते. यांखेरीज मुंबई पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात. या सर्वांमुळे जोगेश्वरीच्या रहिवाशाला ड्रोन बहुधा छताखाली भेटतो : लग्नाच्या सभागृहात, शाळेच्या प्रयोगशाळेत, प्रदर्शनाच्या दालनात. तेथे वारा नाही, म्हणजे गार्डचा मोठा दोष उरत नाही. आणि अंतरही नाही, म्हणजे गार्डवाचून दुसरा आधार नाही. टेबलावरील पंख्याचीच ही स्थिती होय. वधूवरांवर ड्रोनमधून पुष्पवृष्टी करण्याची हौस अनेक ठिकाणी दिसते. सभागृह भाड्याने देणाऱ्यांनी विजेच्या जोडणीची चौकशी करावी तशीच पात्यांच्या कड्याचीही करावी.

पूर्वेकडील जोगेश्वरीची लेणी हे आणखी एक बोलके उदाहरण आहे. सहाव्या शतकातील हे शैव लेणे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. त्याची लांबट वाट, खांबांच्या रांगा आणि डोक्यावरचा दगड पाहता तेथे आतून ड्रोनने चित्रण करणे सोपे नाही. उपग्रहाचा संकेत कातळाखाली पोहोचत नाही, तेव्हा ड्रोनला आपली जागा नीट कळत नाही व तो सरकू लागतो. अशा वास्तूत खात्याच्या अनुमतीने कधी उड्डाण करावयाचे झालेच, तर मऊ कड्याखेरीज ते करू नये. येथे कवच माणसाइतकेच दगडासाठी असते.

मांजाविषयी मात्र गार्डकडून अपेक्षा ठेवू नये. सामान्य कडे बाजूने वेढते, वरून व खालून उघडेच असते. संक्रांतीच्या दिवसांत चाळींच्या गच्च्यांवर लोंबणारा दोरा पात्यात तर जातोच, शिवाय कड्यालाही गुंडाळला जातो.

गावठाणावरून

पंचायत सदस्यांचा अनुभव याहून वेगळा असणार. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनद्वारे गावठाण मोजणीचा प्रयोग झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली आणि राज्यातील असंख्य गावांवरून मोजणीचे ड्रोन फिरले. चुन्याने आखलेल्या हद्दी टिपणारे हे यंत्र उंचावरून, उघड्या वाऱ्यात, सरळ रेषांत जाते. त्याला कडे नसते आणि ते नसणेच योग्य आहे. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातील जव्हारहून झाप या गावी ड्रोनने लशीच्या ३०० मात्रा सुमारे वीस किलोमीटर अंतरावर नऊ-दहा मिनिटांत पोहोचविल्या. अशा उड्डाणात कड्याचे वजन वाहण्यापेक्षा तेवढ्या वजनाची लस नेणे केव्हाही श्रेयस्कर. हे सारे छतावरील पंखे आहेत.

परंतु छतावरील पंखा खाली उतरत नाही, ड्रोन उतरतो. धोका त्या शेवटच्या दोन-तीन मीटरांत असतो. ड्रोन आला की शाळा सुटल्यासारखी मुले धावतात, आणि त्या वेळी पात्यांपासून रक्षण करणारे काही असेल तर ते केवळ अंतर. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेतून महिला बचत गटांकडे येणारे फवारणीचे ड्रोन तर पिकावर जेमतेम दोन-तीन मीटर उंचीने चालतात. त्यांची पाती हातभर लांब असतात आणि पूर्ण टाकीसह यंत्राचे वजन बरेच भरते. पात्यांचा खाली येणारा झोतच औषध पानांपर्यंत पोहोचवितो. एवढ्या पात्यांना पेलेल असे कडे बसविले तर टाकी लहान करावी लागेल. साहजिकच तेथे कवचाची जागा माणसांच्या शिस्तीने घ्यावी लागते. प्रशिक्षित चालकाने टाकी भरताना विजेरी काढलेली आहे याची खात्री करावी. बांधावर दोरी बांधून मुले, बघे व गुरे पलीकडे ठेवावीत. पाती पूर्ण थांबल्याखेरीज मदतनिसानेदेखील जवळ जाऊ नये. ग्रामसभेत योजनेची माहिती देताना अनुदानाच्या आकड्यांबरोबर या दोरीचाही उल्लेख झाला तर बरे.

शाळांतील प्रात्यक्षिकांसाठी शिक्षकांनी नॅनो गटातील, चारही पात्यांना पूर्ण वेढणारे कडे असलेला ड्रोन निवडावा. कडे हाताने दाबून पाहावे. ते वाकून पात्याला लागत असेल तर तो ड्रोन घेऊ नये. जुळणी व चाचणी चालू असताना पाती काढून ठेवावीत, मोटार नुसती फिरवून पाहता येते. उड्डाणाच्या वेळी दालनाच्या मध्ये उभे जाळे लावावे. बॅडमिंटनचे जुने जाळे दोन पदरी केले तरी ते काम भागते. विद्यार्थ्यांनी चष्मे लावावेत, मोकळे केस बांधावेत. ड्रोन उलटा पडल्यास तो उचलण्याआधी दूरनियंत्रकावरून मोटारी बंद कराव्यात आणि मगच जाळ्याच्या पलीकडे पाऊल टाकावे.