जयपूरचे दयाकृष्ण आणि पुण्यातील ‘संवाद’



एखाद्या विद्वानाचे स्मरण करताना त्याच्या ग्रंथांची नावे सांगितली जातात. तो कोणाच्या दारी गेला, कोणाशी वाद घालीत बसला, हे सहसा विचारले जात नाही. जयपूरच्या राजस्थान विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकविणारे प्रा. दयाकृष्ण यांच्या बाबतीत हाच प्रश्न महत्त्वाचा आहे.

भारतीय तत्त्वज्ञान म्हणजे अध्यात्म, वेदप्रामाण्य आणि ठरीव दर्शने, ही रूढ समजूत त्यांनी निव्वळ मिथक म्हणून नाकारली. पण पंडितांच्या पाठीमागे टीका करून ते थांबले नाहीत. ‘नवभारत’चे संपादक प्रा. मे. पुं. रेगे यांनाही अशाच समोरासमोरच्या चर्चेचा ध्यास होता. १९८३ साली पुण्यात परंपरागत पंडित आणि इंग्रजीतून शिकलेले प्राध्यापक एकत्र बसले. विषय होता बर्ट्रांड रसेल यांची विधानविषयक उपपत्ती. चर्चेची भाषा मात्र संस्कृत!

यात मोठा अर्थ होता. एरवी पंडिताकडे जायचे ते पोथीतील ओळीचा अर्थ विचारायला. येथे तो बरोबरीचा प्रतिपक्षी झाला. याच उपक्रमाच्या ओघात काशीचे नैयायिक पं. बदरीनाथ शुक्ल यांनी देहालाच आत्मा मानणे न्यायदर्शनाच्या चौकटीत शक्य आहे काय, याची तर्कशुद्ध तपासणी केली. परंपरा गोठलेली असती, तर हे घडते ना.

तथापि एक गोष्ट विसरता येत नाही. संस्कृत ही त्या सभेची भाषा होती, तशीच ती शतकानुशतके बंद राहिलेल्या दाराची कडीही होती. स्त्रिया आणि श्रमकरी जाती यांना त्या शास्त्रचर्चेत स्थान नव्हते.

म्हणूनच या मंडळींतील मुकुंद लाठ यांचे दुसरे काम लक्षात ठेवावे. जयपूरच्या या संशोधकाने बेल्जियमचे अभ्यासक विनांद कालेवर्त यांच्यासह नामदेवांच्या हिंदी पदांची संपादित आवृत्ती १९८९ साली प्रसिद्ध केली. महाराष्ट्राच्या शिंप्याची वाणी राजस्थानातील हस्तलिखितांनी जपली होती.

रेगे २००० साली, दयाकृष्ण २००७ साली आणि लाठ २०२० साली निवर्तले. प्रतिपक्षाला त्याच्याच भाषेत प्रश्न विचारण्याची त्यांची रीत पुढे न्यायची आहे. मात्र त्या सभेचे दार आता सर्वांसाठी उघडे हवे.