सुटीतला व्यवसाय आणि जूनमधली हजेरी
(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेच्या साठ वर्षांचा गौरव आपण सकाळपासून ऐकत आहोत. मला मात्र शाळा बंद असते त्या दिवसांविषयी बोलायचे आहे. एप्रिल-मे महिन्यांत खानापूर तालुक्यातील आपल्या गावांत शाळेला सुटी असते, पण रानाला आणि बागेला नसते. काजू, फणस, करवंदे, जांभळे, रातांबे हे सारे याच दिवसांत हाती येते. याच दिवसांत आपली काही मोठी मुले गोव्याकडे हॉटेलांत वा बांधकामावर रोजंदारीला जातात आणि जूनमध्ये हजेरीपटावर त्यांच्या नावांपुढची जागा रिकामी राहते. मुलांना हाती पैसा येणे आवडते, आणि घरालाही त्याची गरज असते. ही ओढ उपदेशाने थांबत नाही.

म्हणून आम्ही गेली काही वर्षे नववी-दहावीच्या मुलामुलींना सुटीत स्वतःचा छोटा व्यवसाय करण्यास उत्तेजन देतो. नियम चारच आहेत. काम आपल्याच गावात करायचे. अर्धा दिवसच करायचे. पालकांची लेखी संमती हवी. रोजचा जमाखर्च वहीत लिहिलाच पाहिजे. कोणी आंबा-काजूची रोपे पिशव्यांत वाढवून पावसाच्या तोंडाशी विकतो, कोणी सायकलींचे पंक्चर काढतो, कोणी फणसाचे तळलेले गरे विकतो.

एका विद्यार्थिनीने कोकम सरबताचा अर्क केला. रातांबे फोडून, बिया काढून, साल साखरेत घालून बरण्या उन्हात ठेवल्या. चोवीस बाटल्या प्रत्येकी ७५ रुपयांना गेल्या, म्हणजे १,८०० रुपये आले. साखरेला ५४० आणि बाटल्यांना २४० रुपये लागले होते, तेव्हा तिने नफा १,०२० लिहिला. बाईंनी विचारले, ‘रातांब्यांची किंमत कुठे आहे?’ ‘ते घरच्याच झाडाचे,’ ती म्हणाली. पण तीच फळे बाजारात विकली असती तर ४०० रुपये आले असते. ते वजा केल्यावर ६२० उरले. तिचे पंधरा दिवस धरले तर दिवसाला सुमारे ४१ रुपये पडले. दुसऱ्या वर्षी तिने भाव ९० केला, आणि तो का वाढवला हे गिऱ्हाइकांना तिला सांगता आले. गणिताच्या तासाला नफा-तोटा तिने पूर्वीच सोडवला होता. घरच्या वस्तूलाही किंमत असते आणि आईच्या कष्टालाही, हे मात्र तिला त्या वहीत कळले.

हा विचार नवा नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी उत्पादक हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणण्याची कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग गरिबांच्या मुलांसाठी खुला केला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी स्थानिक कारागिरांबरोबर काम शिकण्याचे दहा दिवस दप्तराविना सुचवले आहेत. कर्मवीरांच्या योजनेत कमाई शिक्षणाच्या पोटात होती. ज्या दिवशी शिक्षण कमाईच्या पोटात जाईल, त्या दिवशी आपण हा उपक्रम बंद केला पाहिजे.

ही सीमा कायद्यानेही आखली आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मूल कामाला ठेवता येत नाही. घरच्या धोकारहित व्यवसायात शाळेव्यतिरिक्त वेळी वा सुटीत मदत करण्यापुरती मुभा आहे. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामाला बंदी आहे. अज्ञान मुलाने केलेला करार कायद्याने बंधनकारक नसतो, म्हणून उधारीचा वा पुरवठ्याचा व्यवहार पालकांनीच करावा. मात्र दहा वर्षांवरील मुलाला बँकेच्या अटींनुसार स्वतःचे बचत खाते उघडता येते, ते अवश्य उघडावे.

आपल्या मुलांची पाटी मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलेली असते. गिऱ्हाईक कोकणी वा हिंदी बोलले तरी ती अडत नाहीत. मराठी शाळेत शिकलेले मूल मागे पडेल, या भीतीने जे पालक इंग्रजी माध्यमाचा विचार करीत आहेत, त्यांनी मे महिन्यात एकदा या मुलांच्या टोपलीपाशी दहा मिनिटे उभे राहावे.

पालकांना माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, मुलाने मिळवलेले पैसे घरखर्चात घेऊ नका. अडचण फार असेल तर त्याच्याकडून उसने घ्या, वहीत लिहा आणि परत करा. मुलीच्या पैशाला हाच नियम लावा. तिची कमाई भावाच्या फीमध्ये गेली, तर पुढच्या सुटीत ती काहीही करणार नाही. दुसरी, लहानसा तोटा झाला तर तो लगेच भरून देऊ नका. उन्हात वाळलेली पन्नास रोपे पुढच्या वर्षी पाणी घालायला शिकवतील.

माजी विद्यार्थ्यांकडे मी देणगी मागत नाही. आपल्यापैकी कोणी बेळगावात दुकान चालवतात, कोणी बँकेत आहेत, कोणी पुण्यात हिशेब तपासतात. सुटीतला एक दिवस द्या आणि मुलांच्या वह्या तपासा. माल घ्यायचा तर कौतुकाने जास्त पैसे देऊ नका आणि मूल म्हणून घासाघीसही करू नका. इतरांना देता तोच भाव द्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात या वह्या वर्गात वाचल्या जातात. नफा कोणाला किती झाला याची आम्ही क्रमवारी लावत नाही. वही घेऊन किती मुले परत आली, ते मोजतो. पुढच्या जूनमध्ये एकही जागा रिकामी राहू नये, यासाठी आपणा सर्वांचे साहाय्य मागते आणि माझे भाषण संपवते.