लठ्ठ उंदराची साक्ष



नव्या औषधाने उंदरांचा मधुमेह हटला, असे वृत्त वाचले की घरोघरी आशा पालवते. त्या उंदराची साक्ष कितपत मानावी, एवढाच प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत.

१९६१ साली अमेरिकेत लोइस व थिओडोर झुकर या संशोधकांनी एका लठ्ठ उंदराची नोंद केली. सडपातळ आईबापांच्या पोटी चारांत एक पिल्लू असे निघे. त्याचे कारण १९९६ साली कळले. पोट भरल्याची वर्दी मेंदूला देणारा लेप्टिन हा स्राव त्याच्या रक्तात भरपूर असतो. परंतु एका जनुकातील दोषामुळे ती वर्दी मेंदूला पोचतच नाही. कितीही खाल्ले तरी तो उपाशीच!

त्याच्या रक्तात ट्रायग्लिसराइड ही चरबी फार, इन्शुलिनही फार. साखर मात्र पुष्कळदा थोडीच चढलेली. मर्म येथेच आहे. स्नायू व यकृत इन्शुलिनची हाक ऐकेनासे झाले की स्वादुपिंड अधिक मोठ्याने हाका मारते. साखर जागेवर दिसते म्हणून आपण निश्चिंत राहतो, आणि आत हाकाटी चालू असते.

१९८० नंतर जपानी संशोधकांनी सिग्लिटाझोन हे औषध अशा उंदरांना दिले. इन्शुलिन उतरले, ट्रायग्लिसराइड उतरले. उंदीर मात्र बारीक झाला नाही. या वर्गातील औषधांनी वजन उलट पुष्कळदा वाढते. हे कसे? कोठी अपुरी पडली की धान्य माजघरात, ओसरीवर सांडते. या औषधांनी त्वचेखालच्या चरबीची कोठी मोठी होते. यकृतात व स्नायूंत साठलेली चरबी तिकडे जाते आणि त्यांना हाक पुन्हा ऐकू येते. चरबी किती, याइतकेच ती कोठे, हेही महत्त्वाचे, हा धडा उंदराने दिला आणि तो माणसालाही लागू पडला.

परंतु याच वर्गातील ट्रोग्लिटाझोन १९९७ साली अमेरिकेत विक्रीस आले, काही रुग्णांची यकृते निकामी होऊन मृत्यू ओढवले, आणि २००० साली ते मागे घ्यावे लागले. रोझिग्लिटाझोनविषयी २००७ साली हृदयविकाराची शंका निघाली. भारताने २०१० साली त्यावर बंदी घातली. पायोग्लिटाझोन मात्र आजही डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले जाते.

मूठभर उंदरांवर काही आठवडे केलेल्या प्रयोगात हजारांत एखाद्याला होणारा अपाय दिसणार कसा? शिवाय त्या उंदराचा लठ्ठपणा एका जनुकाचा; आपला अनेक जनुकांचा, ताटाचा आणि बैठकीचा. उंदीर खोटी साक्ष देत नाही. पण त्याला विचारले तेवढेच तो सांगतो.

म्हणून वृत्त वाचून औषध सुरू करू नये, चालू असलेले सोडूही नये. साखरेबरोबर ट्रायग्लिसराइडही तपासून घ्यावे. आणि रोज चालावे. स्नायूंना इन्शुलिनची हाक ऐकू येण्यासाठी तो उपाय सर्वांच्या आवाक्यातला आहे.