संकटकाळी नियम कोणासाठी वाकतात?



राज्यसंस्थेची खरी परीक्षा सुबत्तेत होत नाही. ती संकटकाळी होते. तिजोरी कोणासाठी उघडते आणि नियम कोणासाठी वाकतात, यावरून शासनाचा प्राधान्यक्रम कळतो.

१५ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेत लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरी पत्करली. दुसऱ्याच दिवशी फेडरल रिझर्व्हने एआयजी या विमा कंपनीला ८५ अब्ज डॉलरपर्यंत कर्ज देऊ केले. ३ ऑक्टोबरला ७०० अब्ज डॉलरच्या साहाय्याचा कायदाही झाला. बाजाराच्या कामात सरकारने ढवळाढवळ करू नये, असा उपदेश जगाला करणाऱ्या देशाला स्वतःचे तत्त्व बाजूला ठेवण्यास अवघे अठरा दिवस पुरले! बँका कोसळत्या तर सामान्यांचे रोजगारही बुडाले असते, हे खरे. बँकांना दिलेला पैसा पुढे नफ्यासह परत आला, हेही खरे. प्रश्न मदतीचा नाही, तत्परतेचा आहे.

आता दुसरे चित्र पाहा. २ ऑक्टोबर २०२० रोजी भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी जागतिक व्यापार संघटनेपुढे प्रस्ताव ठेवला. कोविडच्या लशी, औषधे व चाचण्या यांच्यापुरते पेटंटचे नियम काही काळ शिथिल करावेत, एवढीच मागणी होती. युरोपीय संघ, ब्रिटन, स्वित्झर्लंड यांनी विरोध केला. अमेरिकेने मे २०२१ मध्ये भूमिका बदलली, तीही लशींपुरती. जून २०२२ मध्ये निर्णय झाला, तोही केवळ लशींपुरता. वीस महिने लोटले. तोवर साथीचा सर्वांत भीषण काळ उलटून गेला होता.

संशोधनाला मोबदला हवा, हा औषध कंपन्यांचा युक्तिवाद खोटा नाही. परंतु भारताने मध्यम मार्ग शोधून दाखवला आहे. १९७० च्या कायद्याने औषधाच्या पदार्थाला पेटंट नाकारले, केवळ प्रक्रियेला दिले. त्यातून उभ्या राहिलेल्या उद्योगापैकी मुंबईच्या सिप्लाने २००१ मध्ये एड्सवरील औषधे रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. तोवर पाश्चात्त्य कंपन्यांच्या औषधांना दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येई. २००५ मध्ये जागतिक करारानुसार पदार्थाचे पेटंट स्वीकारतानाही आपण सक्तीच्या परवान्याची तरतूद राखली. २०१२ मध्ये तिचाच आधार घेऊन कर्करोगावरील नेक्साव्हर या औषधाचा महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ८,८८० रुपयांवर आणला गेला. मूळ कंपनीला स्वामित्वशुल्कही मिळाले.

तथापि, इतरांना जाब विचारताना आपले घरही तपासले पाहिजे. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले. स्टेट बँकेच्या पुढाकाराने ते तेरा दिवसांत उठले. त्याआधी, सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पीएमसी या सहकारी बँकेचे ठेवीदार अडकले होते. आरंभी सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. त्या बँकेचे विलीनीकरण जानेवारी २०२२ मध्ये झाले आणि मोठ्या ठेवींसाठी दहा वर्षांपर्यंतचे हप्ते ठरले. ठेवविम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली, नव्वद दिवसांत पैसे देण्याचा कायदा २०२१ मध्ये झाला, हे स्वागतार्हच. पण त्यासाठी निवृत्तांना रस्त्यावर उतरावे लागले.

बँक वाचवणे असो की रुग्ण वाचवणे, साधने राज्यसंस्थेच्या हाती असतात. ती कोणासाठी, किती लवकर वापरायची, हा निवडीचा प्रश्न आहे. ज्यांचा आवाज क्षीण, त्यांच्यासाठी तीच तत्परता दिसावी, यासाठी जागृत नागरिकांनी आग्रही राहिले पाहिजे.