पाद्र्याच्या बाजूने उभे राहताना

(आटपाडी येथे तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



ख्रिस्ती धर्म आणि आजचे राजकारण हा विषय आटपाडीत कशाला, असे मघाशी काही जणांनी विचारले. आपलेच प्रश्न कमी आहेत का, असेही एक जण म्हणाला. खरे आहे, आपल्या तालुक्यात ख्रिस्ती घरे मोजकीच. पण जून २०२५ मध्ये हा विषय आपल्या दारात येऊन उभा राहिला.

सांगलीत एका गरोदर विवाहितेने आत्महत्या केली. ख्रिस्ती धर्म पाळावा म्हणून सासरचे लोक छळत होते, अशी माहेरच्यांची तक्रार. त्यावरून निघालेल्या मोर्चात जतचे आमदार गोपीचंद पडळकर यांनी पाद्र्यांना मारहाण करणाऱ्यांसाठी लाखांची बक्षिसे जाहीर केली. पडळकर आपल्याच तालुक्यातले, म्हणून हे आपण बोलायचे नाही तर कोणी बोलायचे? ११ जुलैला ख्रिस्ती समाज कारवाईची मागणी घेऊन मुंबईत आझाद मैदानावर जमला.

त्या मुलीला न्याय मिळालाच पाहिजे. सुनेचा छळ हा गुन्हा आहे, मग तो हुंड्यासाठी असो की धर्मासाठी. त्यासाठी कायदा आहे, पोलीस आहेत, कोर्ट आहे. हुंड्यापायी सून गेली म्हणून गावोगावच्या भटजींना आणि काझींना मारा, असे कोणी म्हणत नाही. इथे मात्र एका घरातल्या आरोपाची शिक्षा सगळ्या पाद्र्यांना सुनावली गेली. ही रीत आपल्या चांगल्याच ओळखीची आहे.

आपल्या भागाला ख्रिस्ती धर्म कळला तो दवाखान्यातून. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, ‘मिरजेला मिशनमध्ये नेलं’ एवढेच ते सांगतील. विल्यम वानलेस या डॉक्टरांनी १८९४ मध्ये तिथे हॉस्पिटल सुरू केले. त्यांना आपला धर्मही सांगायचा होता आणि त्यांनी ते लपवले नाही. तरी तिथून बरे होऊन आलेले हिंदू हिंदूच राहिले, मुसलमान मुसलमानच. औषधाच्या बाटलीतून धर्म पाजतात असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

श्रद्धा माणसाला राजकारणात कशी ओढते, हे पाहायचे तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो पाहा. हरित वसई संरक्षण समितीतून ते बिल्डर आणि पुढाऱ्यांच्या विरोधात उभे राहिले. त्यांनी बायबल मराठीत आणले. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून काहींनी विरोध केला. आयुष्यभर मराठीत लिहिलेल्या माणसाला हा प्रश्न!

आपल्यातलेही काही जण म्हणतात, अमेरिकेत बायबल हातात धरून इस्रायलची पाठराखण करणारे ख्रिस्तीच ना? हो, तिथे असा मोठा गट आहे. आणि १७ जुलै २०२५ ला गाझातल्या होली फॅमिली चर्चवर इस्रायलचा मारा झाला, त्यात तीन माणसे मेली, तीही त्या चर्चच्या आसऱ्याची. अमेरिकेतल्या पाद्र्याचा जाब मिरजेतल्या नर्सला विचारणार असाल, तर पाकिस्तानचा जाब तुम्हाला विचारणाऱ्याला काय उत्तर द्याल?

आता कायद्याकडे येतो. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ‘लव्ह जिहाद’ आणि फसवून किंवा सक्तीने होणारे धर्मांतर, दोन्ही एकाच आदेशात. म्हणजे आपण आणि ख्रिस्ती एकाच कागदावर आहोत. असा कायदा कसा चालतो ते उत्तर प्रदेशात दिसते. धर्म बदलण्याआधी साठ दिवस जिल्हाधिकाऱ्याला कळवायचे. सक्ती झाली नाही हे आरोपीने सिद्ध करायचे. आधीच्या धर्मात परत गेलात, तर मात्र ते धर्मांतरच धरले जात नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांच्या मागे आलेल्या प्रत्येकाला दोन महिने आधी कलेक्टर कचेरीत अर्ज द्यावा लागला असता, तर काय झाले असते, याचा विचार करा.

इथपर्यंत तुम्ही माना डोलावल्या. पुढचे कदाचित आवडणार नाही.

एखाद्याने इस्लाम स्वीकारल्याचा व्हिडिओ आपण आनंदाने फॉरवर्ड करतो. उद्या आपल्याच मोहल्ल्यातली मुलगी म्हणाली की मला चर्चमध्ये जावेसे वाटते, तर? तिला खोलीत कोंडणारे, तिचा फोन काढून घेणारे हात आपलेच असतील. घटनेचा २५ वा अनुच्छेद आत येणाऱ्याला जितका आहे तितकाच बाहेर जाणाऱ्यालाही आहे. सूरह बकराची २५६ वी आयत आपल्याला पाठ आहे, पण ती आपण बहुतेक वेळा दुसऱ्यांना ऐकवतो. त्या मुलीच्या घरी जाऊन तिच्या बापाला ती ऐकवायची तयारी असेल, तरच पाद्र्याच्या बाजूने बोलण्याला वजन येईल. नाहीतर आपण फक्त आपल्या वाट्याचे भांडतो आहोत, असे समोरचा म्हणेल आणि ते चूक नसेल.

ख्रिस्ती समाजाबरोबर करण्यासारखे एक काम तर ७५ हून अधिक वर्षे पडून आहे. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान अजून बाहेर आहेत. धर्म बदलला तरी गावाने जात विसरलेली नसते, हे माणदेशात कोणाला सांगायला नको. ख्रिस्ती संघटना १० ऑगस्ट हा काळा दिवस पाळतात. यंदा आपल्या जिल्ह्यात जिथे कुठे ते जमतील, तिथे जाऊन त्यांच्या शेजारी बसायला तुमच्यातले कोण कोण येणार, त्यांनी उठण्याआधी नावे द्या. गाडीचे भाडे वाटून घेऊ.