निल्स लीडहोल्म

वेतन घेऊन परदेशी खेळणाऱ्याला स्वीडनच्या राष्ट्रीय संघात जागा नाही, असा त्या देशात दीर्घकाळ दंडक होता. निल्स लीडहोल्म यांच्या कारकीर्दीचा विचार करताना तो प्रथम ध्यानी घ्यावा लागतो. कारण त्यांच्या ऐन उमेदीची वर्षे त्यापायी स्वदेशाच्या संघाला पारखी झाली.

१९२२ साली वाल्देमार्सविक येथे जन्मलेले लीडहोल्म नॉरशॉपिंगच्या संघातून नावारूपाला आले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनने फुटबॉलचे सुवर्णपदक मिळवले, त्या संघात ते होते. (भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळून फ्रान्सकडून १-२ असे हरले, ती हीच स्पर्धा.) पुढील वर्षी ग्रेन, नूरडाल आणि लीडहोल्म हे तिघे सहकारी इटलीतील मिलानच्या संघात एकत्र आले. १९५१ मध्ये मिलानने ४४ वर्षांनी इटलीचे अजिंक्यपद जिंकले. नूरडाल गोल करीत, लीडहोल्म मधल्या फळीतून चेंडू हवा तिथे पोहोचवीत. त्यांचा पास दोन वर्षांनी एकदा चुकला तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, अशी आख्यायिका आहे. ती शब्दशः खरी नसेल. पण असल्या आख्यायिका वाटेल त्या खेळाडूच्या वाट्याला येत नाहीत.

१९५८ ची विश्वचषक स्पर्धा स्वीडनमध्ये भरली, तेव्हा कुठे तो दंडक सैल झाला आणि लीडहोल्म ३५ व्या वर्षी स्वदेशाचे कर्णधार झाले. २९ जूनच्या अंतिम सामन्यात चौथ्याच मिनिटाला, दोन बचावपटूंना हुलकावणी देऊन, त्यांनी ब्राझीलवर गोल केला. त्या स्पर्धेत ब्राझील पिछाडीवर पडण्याची ती पहिलीच वेळ. मात्र १७ वर्षांच्या पेलेने पुढे दोन गोल केले आणि ब्राझीलने सामना ५-२ असा जिंकला.

१९६१ साली खेळणे थांबवून लीडहोल्म प्रशिक्षक झाले. इटलीत तेव्हा प्रत्येक बचावपटू एकेका प्रतिस्पर्ध्याच्या मागे सावलीसारखा फिरे. लीडहोल्म यांनी रोमा संघाला माणसाऐवजी जागा राखायला शिकवले : आपापला पट्टा सांभाळावा, चेंडू हाती आला की घाई न करता तो आपसांत खेळवीत राहावे. हा संथपणा टीकाकारांना रुचला नाही. परंतु १९८३ मध्ये रोमाला ४१ वर्षांनी अजिंक्यपद मिळाले ते याच खेळाने. पुढच्या वर्षी रोममध्येच झालेल्या युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात मात्र लिव्हरपूलशी १-१ अशी बरोबरी होऊन रोमाचा संघ पेनल्टींवर हरला. स्वतःच्या मैदानावर अंतिम सामना गमावण्याचे दुःख लीडहोल्म यांच्या वाट्याला असे दोनदा आले.

त्यानंतर ते मिलानकडे परतले. जानेवारी १९८५ मध्ये त्यांनी पाओलो माल्दिनी या १६ वर्षांच्या मुलाला प्रथम मैदानात उतरवले. त्याचे वडील चेझारे हे मिलानमधले त्यांचे जुने सोबती. उतारवयात लीडहोल्म पिएमाँतमधील कुक्कारो गावी द्राक्षमळे सांभाळीत राहिले. तेथेच नोव्हेंबर २००७ मध्ये त्यांचे निधन झाले.